संमेलनाची कार्यक्रमपत्रिका

साहित्यसंमेलनास जाणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग असतात. काही साहित्य ऐकावयास जातात, तर काही साहित्यिक पाहावयास जातात. परंतु मांडवात शिरताच दोघांच्याही हाती एकच कागद पडतो, तो म्हणजे कार्यक्रमपत्रिका. वरवर पाहता हा कागद क्षुल्लक वाटतो. वास्तविक कोणी बोलावे, कोणी ऐकावे आणि कोणी नुसत्या टाळ्या वाजवाव्या, याचा निवाडा त्या कागदावरच झालेला असतो. म्हणूनच ही पत्रिका बदलावी की नाही, या प्रश्नावर आम्हां विद्यार्थ्यांत यंदा मोठा वाद माजला.

बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर यांसारख्या गावी मराठी साहित्यसंमेलने भरत आली आहेत. त्यांचा क्रम बहुधा ठरलेला. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण. त्यानंतर व्याख्यान वा परिसंवाद, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. गतवर्षी आम्ही सदलग्याहून अशाच एका संमेलनास गेलो होतो. दिंडीत लेझीम आम्ही खेळलो, पालखीपुढे घोषणा आम्ही दिल्या. पण सत्कारांवर सत्कार होत गेले, शाल-श्रीफळांची रास वाढत गेली आणि सूर्य मावळतीकडे कलला. आमच्या एका वर्गभगिनीने आपल्या आजीच्या जात्यावर कविता लिहून आणली होती. तिचे नाव पुकारले जाण्यापूर्वीच शेवटची एस. टी. गाठण्यासाठी आम्हांला उठावे लागले. परतताना ती काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच आमच्या वादाचे मूळ ठरले.

एका पक्षाचे म्हणणे असे, की भाषणे आता पुरे झाली. दुसरा पक्ष म्हणाला, भाषणांना नावे ठेवण्यापूर्वी इतिहास पाहा! १९७५ साली आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या, त्या व्यासपीठावरूनच. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही गंभीर विचारांना वेळ दिला म्हणूनच. केवळ करमणूक ठेवली असती, तर हे घडले असते काय?

हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला. तरीही पहिल्या पक्षाने हार मानली नाही. संमेलनाचे रूप कधी स्थिर राहिलेच नाही, असे त्याने दाखवून दिले. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात भरले, ते ग्रंथकारांचे संमेलन होते. पुढे १८८५ च्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. कष्टकऱ्यांच्या सुखदुःखास जेथे जागा नाही, तेथे येण्यात अर्थ नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पत्रिकेवरील ही सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी टीका होय. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन लोकप्रिय केले. अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षाची निवड मतदानाने होत असे. २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड एकमताने झाली. मग एवढे बदल पचवणाऱ्या संस्थेला मुलांचा एक तासच तेवढा जड व्हावा काय?

आणि मुलांना संधी दिल्याने काय होते, हेही इतिहास सांगतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि मराठीने तो कवी त्याच नावाने कायमचा आपला मानला. त्या दिवशी त्याचे नाव यादीच्या तळाशी असते आणि वेळ संपला असता, तर?

आमच्या सीमेवरच्या गावी या प्रश्नास आणखी एक पदर आहे. घरी आजी मराठीत ओवी गुणगुणते, बाजारात हिशोब कन्नडमध्ये होतो. ज्यांना पुढे आचार्य विद्यासागर म्हणून जग ओळखू लागले, ते १९४६ साली याच सदलग्यात जन्मले आणि त्यांनी ‘मूकमाटी’ हे महाकाव्य लिहिले हिंदीत! दूधगंगेचे पाणी भाषा विचारून तहान भागवत नाही. तेव्हा मराठी संमेलनात एखादी कन्नड कविता मराठी अनुवादासह ऐकली, तर मराठीचे काही उणे होणार नाही; उलट शेजारी आपली कविता ऐकतो म्हटल्यावर त्यालाही आपले ऐकावेसे वाटेल.

अखेर आमचे एकमत झाले ते असे : अध्यक्षीय भाषण राहावे, पण सत्कार आटोपशीर व्हावेत. वक्त्यांना वेळेची घंटा असावी. परिसंवादानंतर श्रोत्यांना अर्धा तास प्रश्न विचारू द्यावेत. विद्यार्थ्यांचा तास दुपारी, मांडव भरलेला असताना ठेवावा.

भाषा ठरावांनी जपली जाते हे खरे. पण तिच्यात बोलू पाहणाऱ्या मुलाला वेळेवर बोलू दिल्याने ती वाढते. वडीलधाऱ्यांनी आम्हांला दिंडीत पुढे ठेवले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आता त्यांनी पत्रिकेतही आम्हांला थोडे वर घ्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.