देवाणघेवाण आणि जबरदस्ती

दुसऱ्याची भाषा शिकणं वेगळं आणि दुसऱ्याला त्याची भाषा सोडायला लावणं वेगळं. स्पेनच्या इतिहासात दोन्ही दिसतं.

बाराव्या शतकात ख्रिस्ती राजवटीतल्या टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने अरबीतून इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला. युरोपात तो पुढे कित्येक शतकं शिकवला गेला. त्यासाठी कुणालाही धर्म बदलावा लागला नाही.

त्याच देशात १५६७ साली दुसऱ्या फिलिपचं फर्मान निघालं. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनी तीन वर्षांत अरबी सोडावी. जुना पोशाख, हमाम बंद. ग्रॅनडाच्या फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय यांनी अर्ज केला, की पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबीच बोलतात, मग भाषेचा धर्माशी काय संबंध? ऐकलं नाही. १५६८ला बंड झालं. १६०९पासून सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढलं.

आपलाही हिशेब मांडू या. उस्मानी सुलतानांनी 'देवशिर्मे' पद्धतीने ख्रिस्ती घरांतली मुलं नेऊन मुसलमान केली. दीनला जबरदस्ती मंजूर नसेल, तर आपल्या सुलतानांनाही माफी नको.

स्पॅनिश माणूस आजही 'असं घडो' म्हणायला 'ओहाला' म्हणतो. हा शब्द अरबीतून आला, त्यात अल्लाहचं नाव आहे. राजाच्या फर्मानाने तो गेला नाही, कारण लोकांनी तो आपखुशीने घेतला होता.