रंगाखालची काठी

मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून १८९१ साली बांधलेला पवईचा तलाव शेवटी गळ टाकणाऱ्यांच्याच वाट्याला आला. आजोबांच्या पिढीतले ते हौशी लोक, आज गळाची काठी ‘रिस्टोअर’ करतात हे ऐकून हसले असते. काठी वापरायची आणि पावसाळ्याआधी तिला रंगाचा हात मारायचा, एवढंच. खिडक्यांचा ऑइलपेंट डब्याच्या तळाशी उरला की तोच काठीला. त्यामुळे आज अशी काठी खरवडायला घेतली की घराच्या रंगकामाचा इतिहास उलगडतो. वर तपकिरी, खाली हिरवा, त्याखाली कुणाच्या तरी लग्नाच्या वेळचा क्रीम. सगळ्यांत खाली बांबू.

बांबू तरी कसला! सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने चिकटवून केलेली षटकोनी काठी. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले कारागीर यासाठी ‘कलकत्ता केन’ मागवत. विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात, बहुधा त्याच जातीचा. पुढे चीनचा टॉन्किन बांबू आला. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तोवर फायबरग्लासच्या काठ्या निघाल्याच होत्या.

रिंगांवर गुंडाळायचा रेशमी दोरा तेव्हा आजीच्या शिवणाच्या डब्यातून निघे; रंग जुळला तर नशीब. आता हव्या त्या छटेचा दोरा कुरिअरने येतो. रंग काढायलाही पेंट रिमूव्हर आहे, हॉट एअर गन आहे. पण उष्णतेने जुना सरस सुटतो आणि पट्ट्या उकलतात. पॉलिश पेपरने खसाखसा घासावं, तर बांबूची खरी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते आणि नेमकी तीच भुकटी होऊन खाली पडते. शिवाय घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची धूळ छातीत जाऊ देऊ नये. तेव्हा तोंडाला मास्क बांधून, बोथट पात्याच्या पाठीने, काठीच्या लांबीच्या दिशेने हळूहळू खरवडणं, हाच शहाणपणा.

त्या ओबडधोबड रंगाला नावं ठेवू नयेत. मुंबईच्या दमट हवेत बांबू टिकला तो त्याच्यामुळे. हल्ली मात्र काठी चकचकीत करून दिव्याखाली टांगतात. मला ते पटत नाही. मुठीजवळ बोटभर रंग तसाच ठेवा, बाकी काठीला व्हार्निशचे दोन पातळ हात द्या आणि परवानगी असेल त्या पाण्यावर घेऊन जा. भिंतीवर टांगायला घड्याळं पुष्कळ मिळतात.