राज्यांच्या कायद्यातला मतदार

अमेरिकेत मतदारयाद्या, मतदान केंद्रे आणि वॉर्डांच्या सीमा ही कामे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतात. १९६५ च्या केंद्रीय मतदान हक्क कायद्याने या मोकळिकीला लगाम घातला. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याचा इतिहास असलेल्या भागांना नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. कोणत्या भागांना हे बंधन, हे ठरवणारे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात रद्द केले आणि पूर्वमंजुरी कागदावर उरली.

कॅलिफोर्निया त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःच्या वाटेने गेला होता. तिथला रोख होता शहरभर एकच मतदारसंघ ठेवण्याच्या पद्धतीवर. नगरपरिषदेच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागेसाठी सारे शहर मत देते, असे समजा. मतदान वंशानुसार विभागलेले असेल तर ६० टक्क्यांचा गट पाचही जागा नेतो; उरलेल्या ४० टक्क्यांच्या हाती भोपळा. मतदानापासून कोणालाही अडवलेले नसते, हीच यातली मेख. केंद्रीय कायद्याखाली दाद मागायची तर अल्पसंख्य गट एखाद्या वॉर्डात बहुमतात येईल इतका एकवटून राहतो, हे आधी सिद्ध करावे लागते. कॅलिफोर्नियाने ही अटच काढली. शिवाय हरणाऱ्या शहराला समोरच्या वकिलांची फी भरावी लागते. त्या धाकानेच अनेक शहरांनी कोर्टाची पायरी न चढता वॉर्ड पाडले. वकिलांचे फावले अशी ओरड झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. पुढे विधिमंडळाने, नोटीस मिळताच पद्धत बदलणाऱ्या शहराकडून वसूल होणाऱ्या खर्चावर ३०,००० डॉलरची मर्यादा घातली.

वॉशिंग्टन आणि ओरेगॉन यांनी हाच मार्ग धरला. २०२१ मध्ये व्हर्जिनिया आले. दक्षिणेतले हे पहिलेच राज्य, आणि एकेकाळी पूर्वमंजुरीच्या यादीतले. अलाबामासारख्या राज्यांत, जिथे गरज अधिक, तिथे मात्र असा कायदा नाही. राज्याच्या मर्जीवर उभ्या असलेल्या संरक्षणाची ही उघड मर्यादा आहे.

न्यू यॉर्कने २०२२ मध्ये नागरी हक्कांचे नेते जॉन लुईस यांच्या नावाने केलेला कायदा सर्वांत व्यापक कायद्यांपैकी एक आहे. ठरावीक स्थानिक संस्थांना निवडणूक नियमांतील महत्त्वाच्या बदलांसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलची किंवा न्यायालयाची मंजुरी आता लागते. भाषेची अटही सैल झाली. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या एखाद्या भाषिक गटासाठी त्या भाषेतली मतपत्रिका देण्याचे केंद्राचे बंधन मतदानाच्या वयाच्या नागरिकांत तो गट ५ टक्के किंवा १०,००० च्या वर गेल्यावर लागू होते. न्यू यॉर्कमध्ये ४,००० च्या वर, किंवा किमान ३०० माणसे असतील तर २ टक्क्यांच्या वर.