टाचणवहीची मागची पानं

प्रिय मैत्रिणी,

तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "तेव्हा तू काय केलं होतंस गं?" असं तू विचारलंस आणि मी आपली सोयाबीन काढणीला आलंय, पाऊस उघडत नाही, असलंच बोलत राहिले. फोनवर मला ते जमत नाही बाई. म्हणून हे पत्र. मेलबर्नला जायला लागतील तितके दिवस लागू देत.

आपण डी.एड. होऊन बाहेर पडलो आणि मला किल्लारीजवळच्या गावात नेमणूक मिळाली. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उशिरापर्यंत चाललं, सगळे दमून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं तू पाहिली होतीस. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर माळवद, लाकडांवर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात काय गार वाटायचं! त्याच मातीखाली माणसं गेली, लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास. माझी सहा वर्षांची पोर आणि तिची आजी त्यांत.

एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. ढिगाऱ्यातून काढलेलं जनरल रजिस्टर हेडमास्तरांनी माझ्यापुढे ठेवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना भरायचा होता. पानं भिजून वाळलेली, शाई पसरायची. मी एकेका नावापुढे 'मयत' लिहीत गेले. सतरा नावं होती. पहिलीच्या यादीत माझ्या पोरीचं नाव आलं. तिथेही लिहिलं, तारीख घातली, टिपकागद दाबला. हात जरासुद्धा थरथरला नाही. त्याचीच मला फार भीती वाटली.

त्या रात्री कंदिलाजवळ दुसऱ्या दिवसाचं टाचण काढलं आणि वही उलटी करून शेवटच्या पानावर लिहिलं, 'तिला काकडी बिया काढून लागायची.' दुसऱ्या रात्री लिहिलं, 'तिला ळ जमायचा नाही. दोन गोळे काढायची, पण एकमेकांना चिकटू द्यायची नाही.' रोज एक ओळ. कधी दोन. त्या रकान्यात माझी पोर मावली नव्हती गं, ती इथे एकेका ओळीनं परत यायला लागली. पुढून भागाकार आणि कविता, मागून ती. वही मध्यावर भेटली की मी नवी घ्यायची.

घरातल्यांना कळलं तेव्हा सगळे एकच म्हणाले, खपली काढू नकोस, थोरल्या मुलाकडे बघ. मला ते पटलं नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. आई जाऊन कितीतरी वर्षं लोटल्यावर, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. आपण ते घरोघर वाचतो, डोळे पुसतो. लेकानं आईसाठी लिहिलेलं चालतं, मग आईनं लेकीसाठी लिहिलं तर तिला गप्प का करायचं? हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वर्गात मुलं बोलायचीच नाहीत. पत्र्यावर माकड उडी मारायचं आणि सगळा वर्ग बाहेर पळायचा, मीही. 'माझी दिवाळी' हा निबंध मला फळ्यावर लिहवेना. म्हटलं, तुम्हाला हवं ते लिहा. चौथीतल्या एका मुलानं पाटीवर लिहिलं, 'आमची शेळी शेडमध्ये झोपत नाही.' घरातला तो एकटा उरला होता. त्याला मी पाटी पुसू दिली नाही, त्याच्याच हातानं ती ओळ वहीत उतरवून घेतली.

माझी एक ओळ मात्र कितीतरी वर्षं वहीच्या आसपास फिरत राहिली. भूकंपाच्या रात्री पोर आधी माझ्याजवळ अंगणात झोपली होती. पहाटेचा गारवा लागेल म्हणून मीच तिला उचलून आत आजीच्या कुशीत नेऊन ठेवलं. आम्ही अंगणातले वाचलो. हे वाक्य लिहिलं त्या दिवशी ताप भरला. आठवडाभर वहीला हात लावला नाही. पण नंतर लिहिताना त्या वाक्याच्या पुढे हेही आलं की उचलताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकले होते. ते मी विसरूनच गेले होते.

पुढे एका प्रशिक्षणात जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांबद्दल ऐकलं. १९८६ मध्ये त्यांनी प्रयोग छापला होता. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या मोठ्या आघाताबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या-लिहिल्या त्यांना जास्त वाईट वाटलं. पण घडलेलं आणि त्याबद्दल मनात असलेलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी जावं लागलं. मला लगेच ते रजिस्टर आठवलं. त्यात फक्त घडलेलं होतं.

तेव्हा तूही लिहायला बस, पण आधी त्रास होईल, हे धरून चाल. झोप अगदीच उडाली, जेवण जाईना, तर डॉक्टरांकडेही जा. वहीवर सगळं टाकू नकोस. आणि फेब्रुवारीतल्या त्या दवाखान्यातल्या रात्रीपासून सुरुवात तर मुळीच करू नकोस. ती येईल तेव्हा येईल.

तुझे हे चहा बशीत ओतून प्यायचे ना? आणि फुंकर मारताना चष्मा कपाळावर सरकवायचे? मला नीट आठवत नाही. तू तेवढंच लिहून पाठव, हातानं. पत्ता जुनाच आहे.

तुझीच,
बाई