लिवाच्या वाळूत गाडीचा विसावा

अबू धाबी शहर सोडून नैर्ऋत्येला निघालेला गुळगुळीत रस्ता दोन-अडीच तासांत लिवाला पोचतो. चंद्रकोरीसारखा सुमारे शंभर किलोमीटर पसरलेला खजुराच्या बागांचा हा हिरवा पट्टा. अबू धाबीवर राज्य करणारे नह्यान घराणे मूळचे इथलेच. खजुराची शेवटची ओळ संपली की रुब अल खाली सुरू होते. साडेसहा लाख चौरस किलोमीटर नुसती वाळू, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा मुलूख! इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर १९४६ च्या अखेरीस बदूंच्या सोबतीने उंटावरून इथवर पोचला होता. आता लोक येतात ते चारही चाकांना जोर असलेल्या दणकट गाड्यांतून, आणि तेही बायकामुलांसह.

दुबई-अबू धाबीत नोकरी करणारी मराठी कुटुंबे गावाकडून आलेल्या आईवडिलांना हिवाळ्यात हे वाळवंट हौसेने दाखवतात. बघण्यासारखे आहेच. सकाळी जर्द केशरी दिसणारी वाळू दुपारी फिकट पिवळी होते. दोन टेकड्यांच्या मध्ये मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन लागते. तिला सबखा म्हणतात. सगळ्यांत मोठा मान तल मोरीबचा. सुमारे तीनशे मीटर उंचीची ही वाळूची टेकडी अंगावर येते. दर हिवाळ्यात तिच्यावर गाड्या चढवण्याच्या शर्यती लागतात. घरच्या गाडीने त्या वाटेला जाऊ नये, खालून पाहावी!

पण लहान टेकड्यांवरही तासाभरात एक प्रसंग हमखास येतो. गाडी चढावर रेंगाळू लागते, समोरच्या पट्टीवर गिअरबॉक्सच्या तेलाचा इशारा देणारा दिवा लागतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. मागच्या सीटवरच्या आजोबांना अनुभव असतो खंबाटकीचा आणि बोरघाटाचा. ते लगेच सांगतात, "अरे, इंजिन बंद कर, बॉनेट उघड!" मुलगा म्हणतो, "नाही बाबा, इथं इंजिन चालूच ठेवायचं." आजोबांना हा आगाऊपणा वाटतो. पण या वेळी मुलाचे बरोबर असते.

घाटात तापायचे ते इंजिन, उकळायचे ते रेडिएटरमधले पाणी. इथे पाण्याचा काटा जागेवर असतो. तापलेला असतो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या गाडीत पायाशी क्लच नसतो. इंजिनाचा जोर गिअरपर्यंत पोचतो तो तेलातून. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसाच हा प्रकार; फक्त वाऱ्याच्या जागी तेल. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. हमरस्त्यावर वेगात असताना दोन्ही जवळजवळ एकाच गतीने फिरतात, शिवाय ते एकमेकांत अडकवून टाकणारी सोयही असते. वाळूत मात्र चाके ओढली जातात, इंजिन ओरडत असते आणि दुसरा पंखा मागे पडतो. मधल्या मध्ये तेलाची घुसळण होते, आणि वाया गेलेला सगळा जोर तेलात उष्णता होऊन उतरतो. वेग कमी, म्हणून समोरून वाराही कमी. चाक रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबून धरणे हा तर तेल तापवण्याचा सर्वांत जलद मार्ग.

साधारणपणे हे तेल ऐंशी ते पंचाण्णव अंश सेल्सियसवर राहते. एकशेवीसच्या पुढे गेले की ते खराब होऊ लागते. डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग तपकिरी पडतो, करपट वास येतो. मग आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात; इंजिन गरजते आणि गाडी जागची हलत नाही. उन्हाळ्यात, जेव्हा इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा अशा जागी अडकणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणूनच इथे एकटी गाडी वाळूत घालत नाहीत. किमान दोन असतात, आणि पाणी लागेल त्याहून जास्त.

तेल थंड करण्याची व्यवस्था गाडीतच असते. नळीतून ते पुढे रेडिएटरजवळच्या कूलरमध्ये जाते आणि निवून परत येते. वाळूत नेहमी जाणारे लोक समोर आणखी एक मोठा कूलर बसवून घेतात. पैसे वसूल होतात. मात्र तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की पंप बंद, आणि तापलेले तेल आहे तिथेच शिजत राहते. म्हणून गाडी उतरत्या अंगाला, वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन सावकाश चालू ठेवायचे. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत दिवा विझतो.

ही वेळ लांबवताही येते. वाळूत शिरण्यापूर्वी टायरची हवा पस्तीस पौंडांवरून पंधराच्या आसपास आणतात. टायर पसरतो, रुतत नाही आणि इंजिनावरचा ताण उतरतो. अवघड जागी लो रेंज लावतात. त्यात गिअरबॉक्सवरचा भार कमी होतो. आणि ऊन चढण्याआधी निघतात. थोडा भित्रा ड्रायव्हर इथे फार बरा!

उंटाने ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली आहे. पाणी मिळाले नाही तर तो घाम गाळत बसत नाही. शरीराचे तापमान पहाटेच्या चौतीस अंशांवरून दुपारी एकेचाळीसपर्यंत चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. गाडीला रात्रीपर्यंत थांबायची सवड नसते, एवढेच.

तोवर आजीने डबा उघडलेला असतो. मुले अनवाणी वाळूवरून घसरत असतात, आजोबा चालू इंजिनाकडे अजून संशयाने पाहत असतात. दिवा विझतो, डबा बंद होतो, गाडी उतारावरून अलगद सुटते. संध्याकाळी मुझैराला डांबरी रस्ता लागला की चारही टायरांत पुन्हा हवा भरून घ्यायची असते. तिथे गाड्यांची रांग असते, पण चहाची टपरीही जवळच सापडते.