आबांच्या होडीची मागची फळी

फायबर कुजत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आबांनी लाकडी होडी मोडीत काढून फायबरची घेतली ती याच भरवशावर. फटी भरायला नकोत, दरवर्षी तेलपाणी नको, धुऊन ठेवली की झालं. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये तांडेलकाकांनी होडीच्या मागच्या फळीवर हातोडी ठोकली आणि "बाय, ही आतनं गेली" म्हणाले, तेव्हा मला अर्थच लागेना. समोर पांढरी, गुळगुळीत फळी होती. तिच्यावर साधी चीरसुद्धा नव्हती.

होडी 14 फुटी. दाभोळच्या खाडीत आबांनी ती पंचवीसेक वर्षं चालवली. ते गेल्यावर ती आमच्या कलमाखाली झापांच्या आड उलटी न घालता तशीच राहिली, हीही एक चूकच. चार पावसाळे तिच्यात पाणी साचत राहिलं. मी चिपळूणला नोकरी करते, शनिवार-रविवार गावी येते. होडी पुन्हा पाण्यात घालायची एवढंच माझ्या मनात होतं. इंजिन दुरुस्त करून आणलं होतं, रंगाचा डबाही घेतला होता.

"मडकं घेताना वाजवून घेतेस ना? तसंच वाजव," काका म्हणाले. मी वाजवलं. दोन्ही कडांना टणटणीत आवाज आला. मधोमध, जिथे इंजिन बसतं तिथे, धप्प. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करत गेले आणि खुणा जोडल्या, तर निम्म्याहून अधिक फळी त्या रेघेच्या आत आली. मग काकांनी इंजिन लावून त्याच्या खालच्या पायाला नुसता रेटा दिला. फळीचा वरचा काठ बोटभर हलला. पाण्यात चालत्या इंजिनाने ही फळी सोडली असती तर काय झालं असतं, ते काकांनी बोलून दाखवलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

फायबरच्या होडीत लाकूड असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. या मागच्या फळीला ट्रान्सम म्हणतात. होडीची फायबरची कातडी चार-पाच मिलिमीटरची. तिच्यावर चाळीसेक किलोचं इंजिन टांगायचं आणि त्याचा सगळा जोर तिथूनच होडीला द्यायचा, तर नुसत्या कातडीला ते झेपत नाही. म्हणून 18 मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक चिकटवून दोन्ही अंगांनी फायबर चढवलेलं असतं. कातडी अखंड असेतोवर प्लायला पाणी शिवत नाही. पण इंजिनाचे बोल्ट, तळाचं पाणी सोडायचं बूच, दोरी बांधायची कडी, या सगळ्यांसाठी भोकं पाडावी लागतात. त्या भोकाची आतली कड उघडी राहिली की पाणी प्लायच्या थरांमध्ये शिरतं आणि दोन्हीकडून फायबर असल्यामुळे बाहेर पडायला त्याला वाटच नसते. ओल, ऊब आणि थोडी हवा एवढं बुरशीला पुरतं. कोकणात ते तिला बारा महिने मिळतं.

खात्री करण्यासाठी आतल्या बाजूने सहा मिलिमीटरची भोकं पाडली. कडेला कोरडा, पिवळसर भुसा आला. मध्ये ड्रिलच्या पात्याला काळा चिखल लागला आणि तळाशी पाडलेल्या भोकातून पाणी ओघळायला लागलं, चहाच्या काढ्यासारखं तपकिरी. ते बराच वेळ थेंबथेंब गळत होतं. मी खाली वाटी ठेवली. पावसाळा जाऊन सहा महिने झाले होते आणि आबांच्या होडीतून अजून पाणी येत होतं.

फायबरचं काम करणारे एक कारागीर जवळच्या बंदरात आहेत. ते म्हणाले, 1 जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर आल्या, की या. पण तेव्हा पाऊस. आमच्याकडे शेड नाही आणि ओल्या हवेत फायबर चिकटवायचं रेझिन नीट धरत नाही. म्हणून मी रजा टाकली आणि काकांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. काकांनी आयुष्यभर ट्रॉलर चालवले, फायबरचं काम त्यांनी पाहिलेलं होतं, केलेलं नव्हतं. इतरांना विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणाला, बाहेरून काप. दुसरा म्हणाला, वरून काठ उघड. तिसऱ्याचं म्हणणं, भोकं पाडून आत पातळ रेझिन ओत, सगळं दगडासारखं होईल. हा तिसरा सल्ला मला फार मोहाचा वाटला. पण ओल्या, कुजक्या लाकडात रेझिन मुरत नाही, वरच्या वर साखळतं आणि खाली कूज तशीच राहते. काकांनी तो सरळ उडवून लावला, आणि बरं झालं.

आतून कापायचं ठरलं, म्हणजे बाहेरची कातडी आणि तिचा आकार शाबूत राहतो. आधी बाहेरून दोन सरळ पट्ट्या आवळून घेतल्या, होडी खालून तीन ठिकाणी टेकवली, कारण आतलं लाकूड गेलं की बाहेरची कातडी पत्र्यासारखी लवते. मग कडेपासून दोन इंच आत रेघ मारली आणि ग्राइंडर हातात घेतला. ग्राइंडरचं पातं त्या पांढऱ्या फायबरला पहिल्यांदा टेकवताना माझे हात कापत होते. आबांची होडी मी स्वतःच्या हाताने कापत होते, आणि ती परत सांधता येईल याची मला कणभरही खात्री नव्हती.

फायबरच्या धुळीबद्दल एक सांगायलाच हवं. ती काच असते. पहिल्या दिवशी मी तोंडाला ओढणी बांधली, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले. रात्रभर हात, मान, कोपरांचे आतले भाग टोचत, जळत राहिले. गरम पाण्याने अंघोळ केली, त्याने आणखी वाढलं. दुसऱ्या दिवसापासून नीट मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हाताला आधी टाल्कम पावडर आणि काम संपल्यावर गार पाणी. श्वासातून ही धूळ आत जाऊ देऊ नका.

आतली कातडी निघाली आणि वास आला. ओल्या गोणपाटाचा, आंबूस. मधला प्लाय पटाशी लावण्याआधीच हाताने निघत होता, थर थर वेगळे, केळीच्या सोपटासारखे. दोन टोपल्या भरल्या. कडेचं लाकूड मात्र इतकं घट्ट की त्याला तीन दिवस लागले. आणि इथेच माझा सगळ्यात मोठा गोंधळ झाला. थांबायचं कुठे? काळं लाकूड काढलं की तपकिरी लागायचं, तपकिरी काढलं की पिवळं पण थोडं मऊ. इतकं चांगलं लाकूड कशाला काढायचं, तेवढ्यालाच जोड देऊ, असं मन म्हणायचं. काकांनी एक खिळा दिला. "टोचून बघ. जात असेल तर काढ." खिळा जात होता. शेवटी सगळा प्लाय काढला, कडेचासुद्धा. माझ्या मते हाच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

काढलेले तुकडे मी खळ्यात जसे होते तसे मांडले. कूज कुठून सुरू झाली ते मला पाहायचं होतं. सगळ्यात काळा पट्टा बुचाच्या भोकाभोवती होता, ते अपेक्षितच. पण दुसरा पट्टा वरून खाली ओघळत आला होता, आणि त्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं होती. ती मी ओळखली. मी तेरा वर्षांची असताना रात्री खाडीत जाताना कंदील अडकवायला तिथे हुक मारला होता. आबांनी स्क्रू धरला होता, मी पिळला होता. पुढे हुक गंजून तुटला तेव्हा मी त्या भोकांत मेणबत्तीचं मेण भरलं होतं. दोन स्क्रूची भोकं. तेवढ्यातून इतक्या वर्षांचं पाणी आत गेलं. मी बराच वेळ तिथे बसून राहिले. काका काही बोलले नाहीत, चहा घेऊन आले.

नवीन प्लाय आयएस 710 शिक्क्याचा घेतला. भारतात मरीन प्लायचं हे मानक आहे. नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणून दुकानदार देतो ते घेऊ नका, शिक्का बघा. पुठ्ठ्याचा साचा कापून, बसवून, पुन्हा कापून दोन्ही तुकडे बेतले. मी ते अगदी घट्ट बसतील असे कापले होते. ते चुकीचं निघालं. कडेला चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा हवी, तिथे रेझिनची लांबी भरून गोलाई द्यायची असते, कारण काचेचे तंतू काटकोनात वळत नाहीत, तिथे हवा अडकते.

रेझिनचं काम म्हणजे माझ्यासाठी अंधारच होता. रत्नागिरीहून पॉलिस्टर रेझिन, हार्डनर, काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं रोव्हिंग आणलं. एपॉक्सी रेझिन लाकडाला जास्त चांगलं धरतं हे मला नंतर नीट उमगलं. पैसे असते तर निदान प्लायपुरतं तरी तेच वापरलं असतं. पण पॉलिस्टर जवळ मिळतं, आणि त्यावर जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत मुलामा, सहज बसतो. एपॉक्सीवर तो नीट धरत नाही. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट दुकानात कधी कधी वेगळं देतात. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. मी कोबाल्ट घातलेलंच रेझिन घेतलं.

पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता मी एक किलो रेझिन एकदम बादलीत कालवलं आणि हार्डनर अंदाजाने ओतला. दहा मिनिटांत बादली हाताला चटका देऊ लागली, मग धूर, मग आतलं सगळं पिवळं काचेचं ढेकूळ. प्लास्टिकची बादली तळाशी वितळली होती. आग लागते की काय म्हणून मी ती वाळूत पालथी केली. दुसऱ्या दिवसापासून काट्यावर मोजून पाव किलो रेझिन, त्याला सिरिंजने अडीच मिलिलिटर हार्डनर, आणि काम सकाळी दव उडाल्यावर ते ऊन चढण्याआधी. मेच्या उन्हात एक टक्का पुरतो.

दोन प्लायच्या मध्ये मॅटचा एक थर देऊन ते चिकटवले, कडांना रेझिन पाजलं, बाहेरच्या कातडीला आतून खरवडून मॅट लावली आणि प्लाय बसवून शिकंजे आवळले. चारी बाजूंनी लांबी बाहेर डोकावली. काका म्हणाले, आता थांब, फार पिळलंस तर सगळंच बाहेर येईल. मग गोलाई, मग मॅट, रोव्हिंग, मॅट, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच पुढे होडीच्या अंगावर चढवत. मॅट कोरडी असते तेव्हा पांढरी दिसते, रेझिन पिऊन पारदर्शक होते आणि खालचं लाकूड दिसायला लागतं. लोखंडी रोलर फिरवला की बुडबुडे चुरचुरत कडेला जातात. हा आवाज मला फार आवडला. दिवसभरातली तेवढीच गोष्ट अशी की जी बरोबर होतेय हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी हात लावला तर चिकट. संध्याकाळी चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. मला रडू आलं. सगळं फुकट गेलं, हार्डनर कमी पडला, आता हे खरवडायचं कसं? रत्नागिरीच्या दुकानदारांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, नखाने दाबून बघा, आत कडक आहे ना? मग ठीक आहे." पॉलिस्टरला हवा लागली की अगदी वरचा पापुद्रा चिकटच राहतो. पुढचा थर त्याच्यावर चांगला धरतो. शेवटच्या थरात मेण मिसळलं की ते वर येऊन हवा अडवतं आणि पृष्ठभाग सुकतो. मी नखाने दाबलं. आत दगड होता. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.

वरच्या काठाची उंची इंजिनाच्या शाफ्टप्रमाणे 15 इंच ठेवली. मेच्या अखेरीस होडी खाडीत घातली. जेटीच्या अलीकडे काकांनी इंजिन पूर्ण जोरात सोडलं, मी मागे वळून फळीवर तळहात टेकवून बसले होते. ती हलली नाही. परत आल्यावर बूच काढलं, आतून पेलाभर पाणी आलं, तेही आमच्या पायांचं.

ज्यांच्या घरी जुनी फायबरची होडी आहे त्यांना माझी एक विनंती. या पावसाळ्याआधी मागची फळी एकदा वाजवून बघा. आणि तिच्यात भोक पाडायचंच असेल, तर हव्या त्यापेक्षा मोठं पाडा, ते रेझिनच्या लांबीने ठासून भरा, सुकू द्या, आणि मग त्या भरावाच्या मधोमध स्क्रूचं भोक घ्या, म्हणजे स्क्रूला लाकूड लागतच नाही. बुचाचं आणि इंजिनाच्या बोल्टचं मी असंच केलं. कंदिलाचा हुक मात्र आता पुढच्या फळीला दोरीने बांधला आहे.