जोडकॅमेऱ्याची टिपणं

दोन डोळ्यांसारखे दोन कॅमेरे जोडून 3डी फोटो काढायचे, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नेमकं मागायचं: अडीच एमएमची स्टिरिओ पिन, दोन नग. दुकानदार आधी साडेतीनची, हेडफोनची पुढे करतो. कॅननच्या स्वस्तातल्या डीएसएलआरला ती बसत नाही.

पिनचं टोक शटरचं, मधली कडी फोकसची, बुडाचा भाग कॉमन. कडी कॉमनला टेकली की कॅमेरा जागा होतो. टोक टेकलं की फोटो. दोन्ही कॅमेऱ्यांच्या तारा रंगाला रंग जुळवून एकाच बटणावर आणायच्या. मध्ये डायोड टाकले तर एकाची खोड दुसऱ्याला लागत नाही.

*

वायरिंग तासाभराचं काम. खरी गोम दोन शटर एकदम पडण्यात आहे.

ताशी 36 किलोमीटरने जाणारी स्कूटर घ्या. (लक्ष्मी रोडवर हा वेग अशक्य, कर्वे रोड, तोही पहाटेचा.) ती मिलिसेकंदाला 1 सेंटिमीटर सरकते. शटरांत 10 मिलिसेकंदांचा फरक पडला की 10 सेंटिमीटर. आपल्या डोळ्यांमधलं अंतर जेमतेम साडेसहा! मग स्कूटर चित्रात एक तर अंगावर येते, नाहीतर मागच्या दुकानात घुसते. दिशा असेल तसं.

म्हणून ऑटोफोकस बंद, सगळं मॅन्युअल, आणि अर्धं बटण आधीच दाबून ठेवायचं.

*

फरक मोजायला छताचा पंखा उत्तम. एका पात्याला लाल टेप लावा, शटर 1/1000 ठेवा. मिनिटाला 300 फेऱ्या घेणारा पंखा मिलिसेकंदात जवळजवळ 2 अंश फिरतो. दोन फोटोंतलं पातं कोनमापकाने मोजलं की हिशेब हातात. मोबाइलवरचं स्टॉपवॉच इथे कुचकामी, कारण बहुतेक स्क्रीन सेकंदाला 60 ते 120 वेळाच बदलतात.

*

दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवून खोली भासवणारा स्टिरिओस्कोप व्हीटस्टनने मांडला 1838 साली, फोटोग्राफी जाहीर होण्याच्या आदल्या वर्षी. त्याने चित्रं हाताने काढलेली वापरली. पुढे एकाच पेटीत दोन भिंगांचे कॅमेरे आले, त्यांना शटर जुळवायची कटकट नव्हती. आपली कटकट स्वस्ताईची आहे.

*

जुना नियम: भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट लांब सगळ्यात जवळची वस्तू हवी. दोन डीएसएलआर शेजारी ठेवले तर भिंगांत 13-14 सेंटिमीटर पडतात, म्हणजे 4 मीटर मागे सरकणं आलं. कसब्यातल्या बोळात तेवढं सरकायचं तर पाठ समोरच्या वाड्याला लागते. तळाला तळ लावून कॅमेरे उभे बसवले की अंतर बरंच घटतं.

पर्वतीवरून सिंहगड टिपायचा तर उलट, अंतर वाढवायचं. तिथे एकच कॅमेरा पुरतो: एक फोटो काढा, कठड्याच्या कडेने बरंच चालत जा, दुसरा काढा. गड कुठे पळत नाही. ढग मात्र पळतात, निरभ्र दिवस पाहून जा.

*

ढोल-ताशा पथकाला दोन कॅमेरे लागतातच. टिपरू हवेत असताना दोन शटर मागेपुढे पडली तर जोडी फुकट.

आणि कॅमेरे जुन्या बाजारातून घ्या, नाहीतर कुणाच्या कपाटातून. पण दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळ्या मॉडेलांची शटरं कोणत्याही वायरने जुळत नाहीत.